अँबॅसडरमध्ये दुसरं इंजिन बसवलं, टायमिंग कुठल्या खुणेवर लावू?

मार्कतीन_कात्रज

नमस्कार मंडळी. घरची मार्क ३ अँबॅसडर आहे, वडिलांची, विकायची नाहीये हे आधीच सांगतो कारण प्रत्येक गॅरेजवाला पहिलं तेच विचारतो. मूळ इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला म्हणून कुर्ल्याहून दुसरं इंजिन आणलं, तेच १४८९ सीसी पेट्रोल, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीचंच ओएचव्ही (व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेलं), फक्त नंतरच्या कुठल्यातरी गाडीतलं. रिंगा नवीन, व्हॉल्व्ह बसवून घेतले, हेड तपासलं, कम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं येतंय. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) जुन्या इंजिनचाच ठेवला, लुकास टीव्हीएसचा पॉइंटवाला, म्हणजे आत उघडझाप करणारा स्विच असलेला, कारण नव्या इंजिनबरोबर आलेल्याची बुशिंग पार गेली होती. पुली नव्या इंजिनवर होती तीच आहे, टायमिंग चेनचं कव्हर मात्र जुन्याचं लावलं, नव्याचं गंजून पातळ झालं होतं.

आता खरी भानगड. पहिल्या मेकॅनिकने टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) लावून खुणेवर टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडतो ते, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ५ डिग्री आधी सेट करून दिलं. गाडी चालू होते पण गरम झाली की सेल्फ मारल्यावर इंजिन अडतं, घुर्र करून थांबतं, आणि हँडल मारायला गेलं तर उलटी किक देतं, हात मोडायची वेळ. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्यावर जरा पाय दाबला की कडकड कडकड आवाज. दुसऱ्या मेकॅनिकने लाइट बाजूला ठेवला आणि कानाने मागे घेत घेत आणलं, उलटी किक बंद झाली, कडकड पण बंद, पण आता गाडीत जीवच नाही, घाट चढताना पाय जमिनीला टेकतो तरी ढकलल्यासारखी चालते, सायलेन्सरमधून मधेच फटके, आणि टेंपरेचरचा काटा खेड शिवापूरला पोचेपर्यंत वर. तो म्हणतो रेडिएटर रिकोअर करा, म्हणजे आतली जाळी नवीन टाका.

मी स्वतः लाइट मागून आणला आणि बघितलं तर आत्ताच्या सेटिंगला खूण टीडीसीच्या काट्याच्या बरीच पुढे गेलेली दिसते, म्हणजे अंदाजे १५ डिग्री टीडीसीनंतर स्पार्क पडतोय असा अर्थ निघतो. एवढ्या मागे तर इंजिन चालायलाच नको ना? मग लाइट खोटा की खूण खोटी? आणि एक जण म्हणाला डिस्ट्रिब्युटरचा गिअर एक दात चुकलाय, इंजिन परत उघडावं लागेल. खरंच उघडावं लागेल का?

नानापेठ_स्पेअर

आधी सोप्या गोष्टी बघून घ्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा, रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी त्याच दिशेने लावल्यात ना? दोन वायरींची अदलाबदल झाली तरी गाडी दोन सिलिंडरवर रडतखडत चालते आणि माणूस टायमिंगच्या मागे लागतो. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.४ मिमी, फिलर गेजने बघा, नखाने नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. कंडेन्सर नवीन टाकला असेल तर जुना जपून ठेवा, हल्ली नवे लगेच जातात.

रेडिएटरला एवढ्यात हात लावू नका.

हँडलवाले_काका

लाइट खोटा नाही, खूण खोटी आहे. तू स्वतःच लिहिलंस, पुली एका इंजिनची आणि कव्हर दुसऱ्याचं. खूण म्हणजे एकटी पुलीवरची खाच नव्हे, पुलीवरची खाच आणि कव्हरवरचे काटे मिळून खूण होते. बी सिरीज इंजिनमध्ये, म्हणजे तुझ्या या बीएमसीच्या इंजिनात, काटे कधी खालच्या बाजूला, कधी वरच्या बाजूला असे निरनिराळ्या मॉडेलला दिलेले आहेत, त्यांच्या पुलीवरची खाच पण त्या त्या हिशोबाने कापलेली. जोडी फुटली की आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता तुझी लक्षणं घे. खुणेवर ५ लावलं तर उलटी किक, गरम इंजिनला सेल्फ अडतो, घाटात कडकड. हे तिन्ही स्पार्क फार लवकर पडल्याचे प्रकार आहेत, पिस्टन अजून वर येतोय आणि पेटलेला गॅस त्याला खाली रेटतोय. दुसऱ्याने मागे घेतलं तर ओढ गेली आणि गरम होतीये, हे स्पार्क उशिरा पडल्याचं. पेट्रोल पेटायला वेळ लागतो, लगेच भडका उडत नाही, म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी टाकतात की सगळ्यात जास्त दाब टीडीसीनंतर १५ डिग्रीच्या आसपास यावा आणि तो दाब क्रँकला नीट ढकलेल. उशीर झाला की जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, ताकद चाकाला जायच्या ऐवजी हेडला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आणि तुझ्या पाण्याला जाते. रेडिएटर बिचारा चांगला असला तरी काटा वर जाणारच.

म्हणजे खरं टायमिंग या दोघांच्या मधे कुठेतरी आहे आणि तुझी खूण मोठ्या फरकाने चुकीची आहे. किती, ते मोजायचं. अंदाज करत बसायचं नाही.

खरी टीडीसी शोध. चारही प्लग काढ, बॅटरीची वायर काढ, गाडी न्यूट्रलला. एक जुना प्लग घे, आतलं पांढरं चिनीमातीचं सगळं फोडून काढ, उरलेल्या लोखंडी बॉडीत आटा मारून एक बोल्ट घालून घे, लेथवाला पाच मिनिटांत करून देतो, बोल्टचं टोक गोल घासून घे म्हणजे पिस्टनला ओरखडा पडणार नाही. हे एक नंबरच्या भोकात बसव. पिस्टन जिथे अडेल तिथे तो टीडीसीपासून थोडा खाली असला पाहिजे, एवढा बोल्ट बाहेर ठेव. आता हँडलने, हळूच, सेल्फने अजिबात नाही, इंजिन फिरव. अडलं की पुलीवर काट्यासमोर खडूने रेघ. मग फॅनबेल्ट दाबून धरून पुली उलट्या दिशेने फिरव, हँडल उलट्या बाजूला पकडत नाही, अडलं की परत त्याच काट्यासमोर दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्यावर खरी टीडीसी, त्यात कोणाचं मत चालत नाही. फक्त दोन मध्य निघतात, एक लहान अंतराचा आणि एक मोठ्या अंतराचा, पिस्टन वर अडवला असेल तर लहान अंतराचा मध्य तुझा.

नुसतं प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर किंवा सायकलची तार घालून वर आलं की नाही बघू नकोस. टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही, क्रँक बऱ्याच डिग्री फिरतो आणि तार तशीच. तिथेच पाच-सात डिग्रीची चूक होते.

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीत गुंडाळू नकोस. उलटी किक आली तर हँडल हातातून निसटून गेलं पाहिजे.

हँडलवाले_काका

गिअरच्या दाताचं राहिलं. या इंजिनमध्ये डिस्ट्रिब्युटर सरळ कॅमवर बसत नाही, मधे एक छोटा स्पिंडल आहे, त्याला तिरका गिअर आणि वर खाच, खाच एका बाजूला सरकलेली म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसतो. तो स्पिंडल एक दात इकडेतिकडे बसला असला तरी इंजिन उघडायची गरज नाही. रोटर कुठल्या दिशेला तोंड करून आहे याच्याशी इंजिनला देणंघेणं नाही, पॉइंट उघडतात तेव्हा पिस्टन कुठे आहे एवढंच त्याला कळतं, आणि त्या क्षणी रोटर कॅपच्या ज्या खुंटीसमोर आहे तिथे एक नंबरची वायर असली की झालं. अडचण एकच होऊ शकते, बॉडी फिरवताना व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकला आपटून पुरेसं फिरवता येत नाही. तसं झालं तर वायरी एक एक घर सरकव नाहीतर स्पिंडल नीट बसव, तो बाहेरून निघतो.

मात्र रॉकर कव्हर काढून एक गोष्ट बघच. एक नंबर कम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना चार नंबरचे, म्हणजे सगळ्यात मागचे दोन व्हॉल्व्ह, अदलाबदलीत असतात, एक्झॉस्ट बंद होत आलेला आणि इनलेट उघडायला लागलेला. पुली थोडी पुढेमागे हलवली की दोन्ही रॉकर एकमेकांच्या उलट डोलतात. तसं दिसत नसेल तर चेनच्या खुणा चुकल्यात, मग मात्र कव्हर काढावं लागेल.

घाटरस्ता

काकांचा मान राखून लिहितोय, पण एवढं सगळं करायची गरज मला वाटत नाही. आम्ही गेली कित्येक वर्षं जुन्या गाड्या कानाने आणि घाटात लावतो. गाडी गरम कर, क्लॅम्प सैल कर, आयडलला डिस्ट्रिब्युटर फिरव, जिथे इंजिन सगळ्यात गुळगुळीत आणि आरपीएम सगळ्यात जास्त तिथे थांब, मग जरा मागे घे, आणि दिवे घाट नाहीतर कात्रज चढून बघ. कडकड आली तर अजून मागे, नाही आली तर पुढे. जुन्या इंजिनच्या चेनी ताणलेल्या, पुल्या बदललेल्या, पुस्तकातला आकडा आता या इंजिनला लागू पडेलच असं नाही. शेवटी गाडी रस्त्यावर चालवायची आहे.

हँडलवाले_काका

@घाटरस्ता, घाटात तपासायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, मी पण तेच करतो. आयडलला कानाने लावायला माझा विरोध आहे आणि कारण सांगतो. आयडलला सिलिंडरमध्ये माल अगदी कमी असतो, विरळ माल हळू जळतो, त्यामुळे आयडलला इंजिनला भरपूर ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी बरीच आधी, आवडतो, २० डिग्री दिला तरी गुळगुळीतच वाटणार. तिथे जे आवडतं ते लोडवर मारक असतं. कानाने लावलेल्या गाड्या बहुतेक वेळा पुढे लागलेल्या निघतात आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं की मग पेट्रोलला दोष देतात.

दुसरं, ही कमी कम्प्रेशनची इंजिनं. ज्या काळात पेट्रोलचा ऑक्टेन कमी होता त्या काळात बनलेली. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं, इथेनॉलमुळे नॉक, म्हणजे ती कडकड, लवकर येत नाही. म्हणजे कडकड ऐकू आली नाही याचा अर्थ टायमिंग बरोबर असा होत नाही, पूर्वी कान जेवढं सांगायचा तेवढं आता सांगत नाही. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर, हवा जरा विरळ, इथे न वाजणारी गाडी वरंध घाट उतरून महाडला गेली की चढावर वाजते. म्हणून आधी खरा आकडा, मग घाट. घाटात फक्त दोन-तीन डिग्रीचा बारीक फरक करायचा, तेवढ्यासाठी तर डिस्ट्रिब्युटरवर तो गोल खाचांचा नट दिलाय, त्याच्याजवळ ए (ॲडव्हान्स, पुढे) आणि आर (रिटार्ड, मागे) लिहिलेलं असतं.

घाटरस्ता

ई-२० चा मुद्दा पटला, त्या अंगाने विचार केला नव्हता. माझ्याकडच्या फियाटला हल्ली आवाजच येत नाही पण प्लग पांढरे फटक निघतात, ते टायमिंगमुळे की कार्बोरेटरच्या जेटमुळे ते बघायला पाहिजे.

नानापेठ_स्पेअर

@घाटरस्ता दोन्ही बघा. इथेनॉल असलं की हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने सोडतो, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. आणि रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम बदलले नसतील तर आधी ते, जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं.

मार्कतीन_कात्रज

काका, केलं. लेथवर प्लगचा स्टॉपर करून घेतला, इंजिन दोन्ही दिशांना फिरवून दोन रेघा मारल्या. खरी टीडीसी निघाली तेव्हा पुलीवरची खाच काट्याच्या पुढे १८ मिमी गेलेली होती. रॉकर कव्हर काढून बघितलं, चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह टीडीसीवर बरोबर डोलतात, म्हणजे चेन ठीक आहे.

आता हे १८ मिमी म्हणजे किती डिग्री ते कसं काढायचं? आणि नवीन खूण करायची तर ५ डिग्रीची रेघ टीडीसीच्या कुठल्या बाजूला मारू, इथेच माझा गोंधळ होतोय. काटे खालच्या बाजूला आहेत, दर वेळी गाडीखाली झोपून मान वाकडी करून बघावं लागतं.

हँडलवाले_काका

शाब्बास. शिंप्याची टेप घे, पुलीच्या बाहेरच्या कडेचा परीघ मोज. परीघ भागिले ३६० म्हणजे एक डिग्री, परीघ भागिले ७२ म्हणजे पाच डिग्री. एवढंच गणित.

बाजूचं असं, पुढून उभं राहून बघितलं की पुली घड्याळाच्या दिशेने फिरते. टीडीसीच्या आधीची रेघ काट्यासमोर टीडीसीच्या रेघेच्या आधी पोचली पाहिजे, म्हणून ती पुलीवर फिरण्याच्या दिशेने पुढे मारायची. टीडीसीच्या रेघेवर बोट ठेव आणि घड्याळाच्या दिशेने सरकव, तिथे ५.

आणि खाली झोपायचं बंद कर. कव्हरच्या वरच्या बाजूच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी कापून बसव, टोक पुलीच्या कडेजवळ येईल अशी वाकव, तो तुझा नवा काटा. इंजिन खऱ्या टीडीसीवर ठेवून त्या टोकासमोर पुलीवर रेघ मार. आधी करवतीच्या पात्याने हलकी खरवड, मग त्यात पांढरा रंग, नुसता खडू दोन दिवसांत जातो. टीडीसी, ५, १० आणि ३० अशा चार रेघा कर. जुनी खाच काळ्या रंगाने बुजवून टाक, नाहीतर उद्या दुसरा कोणी त्यावर लाइट मारेल.

पट्टी फॅनबेल्टला घासणार नाही हे बघ.

मार्कतीन_कात्रज

परीघ ४३२ मिमी. म्हणजे एक डिग्री १.२ मिमी, ५ डिग्रीला ६ मिमी, ३० ला ३६ मिमी. आणि १८ मिमी म्हणजे बरोबर १५ डिग्री!

म्हणजे पहिल्याने खुणेवर ५ लावलं तेव्हा खरं टायमिंग २० डिग्री आधी होतं. आणि दुसऱ्याने कानाने आणलं तेव्हा लाइटमध्ये १५ नंतर दिसत होतं ते प्रत्यक्षात टीडीसीवर. आता सगळी लक्षणं जुळतात, उलटी किक पण आणि गरम होणं पण.

पट्टी बसवली, रेघा मारल्या. आता लाइटने लावू की आधी बल्बने?

हँडलवाले_काका

आधी बल्बने, इंजिन बंद ठेवून. १२ व्होल्टचा साधा इंडिकेटरचा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला जिथे कॉइलची बारीक वायर येते, दुसरी इंजिनच्या बॉडीला. एक नंबर कम्प्रेशनवर असताना, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा ढकलते ना तो स्ट्रोक, पुली फिरण्याच्या दिशेनेच आणून ५ च्या रेघेवर थांबव. रेघेच्या पुढे गेलास तर मागे आणू नकोस, बरंच मागे नेऊन परत पुढे ये, नाहीतर चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा मोजमापात येतो. इग्निशन ऑन. क्लॅम्प सैल. बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरव, बल्ब विझेल, पॉइंट बंद. मग घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश, ज्या क्षणी बल्ब लागेल तिथे थांब आणि क्लॅम्प आवळ. आवळताना बॉडी हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुली परत मागे नेऊन पुढे आण आणि बल्ब रेघेवरच लागतो का बघ. इग्निशन उगाच ऑन ठेवू नकोस, कॉइल तापते.

रोटर घड्याळाच्या उलट फिरतो म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे, उलट फिरवली की मागे.

५ हा सुरुवातीचा आकडा. तुझ्या डिस्ट्रिब्युटरच्या आणि इंजिनच्या पुस्तकात वेगळा दिला असेल तर तोच घ्यायचा, पण या इंजिनला त्याच्या फार लांब जायची वेळ येणार नाही.

मग इंजिन चालू करून लाइट. व्हॅक्यूमचा पाइप डिस्ट्रिब्युटरकडून काढ आणि कार्बोरेटरकडचं टोक बंद कर. शर्टाच्या बाह्या दुमडून घे, गळ्यात काही लोंबकळत नको. लाइटच्या उजेडात फॅन थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा दिसू शकतो, डोळा फसतो आणि हात आपोआप पुढे जातो. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, तुलाही परत सांगतो, फॅन फिरतोय.

आयडलला ५ च्या जवळ आलं की कोणालातरी ॲक्सिलरेटर दाबायला सांग, ३००० आरपीएमपर्यंत, आणि रेघा कशा सरकतात ते बघ. सावकाश सरकत ३० च्या आसपास जाऊन थांबायला हवं. ते मला कळव.

मार्कतीन_कात्रज

बल्बने ५ वर लागलं. पहिल्या सेल्फला इंजिन चालू, आवाजच बदललाय. गरम करून बंद केलं आणि लगेच सेल्फ मारला, कुठेही अडलं नाही.

पण ३००० ला रेघ १२ च्या पुढे जात नाही. आरपीएमचा मीटर मित्राकडून आणला होता त्यामुळे आकडा बरोबर आहे. आयडल सोडलं की थोडं हलतं आणि तिथेच अडकल्यासारखं होतं.

नानापेठ_स्पेअर

वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अडकलीत. कॅप काढा, रोटर बोटांनी धरून तो ज्या दिशेला फिरतो त्या दिशेला पिळा आणि सोडा. स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. सुस्त आला किंवा तिथेच राहिला तर खाली पॉइंटच्या प्लेटखाली ती दोन वजनं गंजलीत किंवा जुन्या ग्रीसचं डिंक झालंय. तुमचा डिस्ट्रिब्युटर जुन्या इंजिनबरोबर बंद पडून होता ना, मग हे ठरलेलंच.

प्लेट काढताना स्क्रू कापडावर ठेवा, आत पडला तर शोधत बसाल. पेट्रोलने धुवा, पिना बारीक पॉलिश पेपरने, मग पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब. दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात, एक जाड आणि एक पातळ किंवा एक सैल बसवलेली असते, ते मुद्दाम तसं आहे. म्हणजे आधी एक ताणली जाते आणि वेग वाढला की दुसरी कामाला लागते. सारख्या करू नका, ओढून बघू नका. रोटरखालच्या फेल्टवर दोन थेंब ऑइल, पॉइंटवर मात्र तेलाचा वास पण नको. व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून बघा, प्लेट हलली आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच राहिली तर डायफ्रॅम चांगला.

मार्कतीन_कात्रज

अगदी तसंच निघालं. एक वजन पिनेवर जाम, दुसरं अर्धवट हलत होतं, खाली तपकिरी चिकट राळ. धुवून, पिना साफ करून बसवलं, आता रोटर पिळून सोडला की टक करून जागेवर येतो. पॉइंट गॅप परत ०.०१५, बल्बने परत ५. लाइटमध्ये ३००० ला रेघ ३० च्या किंचित अलीकडे येऊन थांबते, व्हॅक्यूम जोडल्यावर अर्ध्या पेडलवर अजून पुढे जाते.

काल जुन्या कात्रज घाटातून वर गेलो, चार माणसं गाडीत. तिसऱ्यावर निघाली, पूर्वी जिथे दुसरा टाकावा लागायचा तिथे टाकावा लागला नाही, वळणावर दाबलं तेव्हा हलकी टिकटिक एकदा आली, लगेच गेली. काटा खेड शिवापूरपर्यंत अर्ध्याच्या खाली. वडील शेजारी बसले होते, बोगदा पार झाल्यावर म्हणाले आता आपली गाडी वाटते. रेडिएटर रिकोअरचं रद्द.

ती हलकी टिकटिक चालेल का अजून मागे घेऊ? आणि कोणी इंजिन नंबरचं सांगेल का, आरसीवर जुनाच नंबर आहे.

घाटरस्ता

नंबरचं लवकर करून टाका, ढकलू नका. इंजिन बदललं की नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन घेतल्याची पावती नीट ठेवा, ते कुठल्या गाडीतलं होतं त्याचे कागद विकणाऱ्याकडून मिळत असतील तर तेही. ब्लॉकवरची नंबरप्लेट घासून साफ करून ठेवा, संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी दाखवायला नेलीत तर नंबर वाचता आला पाहिजे. जुन्या गाडीची नोंदणी पुढे वाढवायची वेळ येते तेव्हा नंबर जुळला नाही की फार त्रास होतो.

हँडलवाले_काका

चार माणसं, तिसरा गिअर, चढाचं वळण, तिथे एखादी टिकटिक येऊन गेली तर ठीक, पण सलग वाजायला लागली तर नट आरच्या बाजूला थोडा फिरव, एक डिग्री पुरे. महाड, अलिबाग असं खाली जाणार असशील तर जायच्या आधीच ती एक डिग्री मागे घे.

पॉइंट नवीन आहेत ना? त्यांची फायबरची टाच सुरुवातीला भरभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं, म्हणून पाचशे किलोमीटरला गॅप परत बघ आणि बल्ब लाव. कॅमवर चिमूटभर ग्रीस लावलंस तर टाच टिकते. आणि ज्या बोल्टखाली पट्टी घातलीस तिथून ऑइल पाझरत नाही ना ते बघ, पाझरत असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर टाक.